साकव

सोमवारी दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी माझ्या धाकट्या भावाचा a उशिरा आला, आणि तेव्हापासून माझं कशात लक्ष लागेना.

हे वाचून कुणी मला वेड्यात काढील, म्हणून आधी नीट सांगते. माझ्या टेबलावर जवळजवळ साठ वर्षांपूर्वीचा एक संगणक आहे. सरकारने तेव्हा काही शाळांना वाटले होते, त्यातला. आमच्या हायस्कुलाला दोन मिळाले आणि मुलं बिघडवतील म्हणून हेडमास्तरांनी ते कपाटात घातले. दर दसऱ्याला बाहेर काढायचे, हळदकुंकू वाहायचं, झेंडूची माळ घालायची, पुन्हा कपाटात. त्यामुळे दोन्ही अजून करकरीत आहेत. मी त्याच शाळेत एकतीस वर्षं क्लार्क होते. निवृत्त झाले तेव्हा शाळेने शालीऐवजी हे दोन डबे माझ्या गळ्यात मारले, आणि मी भलतीच खूश झाले.

या यंत्राला इंटरनेट म्हणजे काय ते ठाऊक नाही. त्याच्या पाठीला एक जुनं सिरीयल पोर्ट आहे, त्यातून अक्षरं एकामागून एक बाहेर पडतात. तिथून एक केबल शेजारच्या नव्या पीसीला जाते, आणि पीसीवर मी लिहिलेला एक प्रोग्राम बसलेला असतो. तो जुन्या यंत्राला थाप मारतो की मी मॉडेम, म्हणजे टेलिफोनवरून दुसऱ्या संगणकाला जोडून देणारी पेटी आहे. यंत्र म्हणतं, अमुक नंबर फिरव. प्रोग्राम म्हणतो, फिरवला, लागला, बोल. खरं तर नंबर वगैरे काही नसतो, तो गुपचूप इंटरनेटवरून जोडणी करून देतो. या प्रोग्रामचं नाव मी 'साकव' ठेवलं. आमच्याकडे ओढ्यावर पोफळीची दोन खोडं आडवी टाकून पाय ठेवण्यापुरता पूल करतात, त्याला साकव म्हणतात. याचंही काम तेवढंच.

पलीकडे आहे 'पडवी'. हा आमचा बुलेटिन बोर्ड, म्हणजे निरोप चिकटवायचा फलक. जुनी यंत्रं जपणारी चाळीसेक माणसं तिथे येतात, निरोप वाचतात, लिहितात, गप्पा मारतात. गंमत अशी की इकडे कळ दाबली की तिकडे ते अक्षर त्याच क्षणी उमटतं. खोडलं तर खोडलेलं दिसतं. माणूस अडखळला तर अडखळलेला दिसतो. आज, दोन हजार त्रेचाळीस साली, टाइप करतं कोण? सगळे यंत्राशी बोलतात आणि यंत्र ते बोलणं सारवून पुढे पाठवतं. माझ्या चुलतभावाने घातलेली शिवी माझ्यापर्यंत नम्र विनंती होऊन येते. पडवीवर तसं चालत नाही. तिथे माणूस कच्चा येतो.

आम्ही लिहितो मराठीच, पण रोमन अक्षरांत, कारण या यंत्राला देवनागरी येत नाही. आणि रोमन मराठीत a शिवाय पान हलत नाही. तो a डाव्या हाताच्या करंगळीचा.

खाडीच्या पलीकडच्या गावात माझा भाऊ रूपेश राहतो. दुसरा डबा त्याच्याकडे आहे. त्या सोमवारी तो लिहीत होता की फेरीबोटीच्या उजव्या इंजिनाचं तेल बदललं, आणि प्रत्येक a अगोदर एक बारीक फट पडत होती. दुसऱ्या कुणाला ती दिसली नसती. मी आप्पांची मुलगी, मला दिसली.

आप्पांचं टायपिंग इन्स्टिट्यूट होतं. सोळा मशीनं, सोळा पोरं, हातांवर पुठ्ठ्याचं झाकण, म्हणजे कुणी कळांकडे बघू नये. आप्पा पोरांकडे पाठ करून भिंतीकडे तोंड करून उभे राहायचे आणि लाकडी पट्टीने टेबलावर ठेका धरायचे. टक, टक, टक. प्रत्येक ठोक्याला एक कळ. मध्येच न वळता म्हणायचे, "तिसऱ्या रांगेतली, करंगळी मेलेय काय तुझी?" आणि ती पोरगी दचकायची. पट्टी मात्र कुणासाठी थांबली नाही. जो मागे राहिला तो राहिला.

आम्ही भावंडं त्या ठेक्यावर वाढलो. मला वेगही आला. रूपेशला ठेका आला, वेग काही येईना. मिनिटाला तीस शब्दांच्या सरकारी परीक्षेत तो दोनदा नापास झाला. तिसऱ्या खेपेला आमचे नंबर शेजारी आले. मी माझा कागद निम्म्या वेळात उरकला, त्याचा कोरा कागद ओढून घेतला आणि तोही टाइप करून दिला. पर्यवेक्षकाला पत्ता लागला नाही. आप्पा बाहेर व्हरांड्यात पाठमोरे उभे होते. घरी येताना एवढंच म्हणाले, "आज एक मशीन गप्प होतं."

पुढे सर्टिफिकेट आलं, ते त्यांनी ड्रॉवरमध्ये ठेवलं. रूपेशची ते मागायची छाती झाली नाही. त्याच वर्षी आप्पांनी इन्स्टिट्यूटची मान्यता स्वतः परत केली आणि सोळा मशीनं विकून टाकली. आम्हाला एका शब्दाने बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं. रूपेश फेरीबोटीवर तिकिटं फाडायला लागला, आणि आज तोच त्या बोटीचा तांडेल आहे. दोनशे माणसं, बारा गाड्या, शाळेची मुलं आणि अडीनडीला ॲम्ब्युलन्स तो या तीरावरून त्या तीराला नेतो. सोळा वर्षांत त्याच्या बोटीला खरचटलंसुद्धा नाही.

आता त्या फटीबद्दल. मेंदूच्या आत खोलवर एक भाग हालचालींचा ताल सांभाळतो. त्याला डोपामीन नावाचं रसायन लागतं. कंपवातात ते रसायन बनवणाऱ्या पेशी हळूहळू मरतात. हात थरथरताना डोळ्यांना दिसतो तोवर त्यातल्या पुष्कळशा गेलेल्या असतात. बोटांना मात्र आधी कळतं. कळ किती वेळ दाबून धरली, एका कळेवरून दुसरीवर जायला किती वेळ लागला, हे आकडे निरोगी माणसात जवळजवळ ठरलेले असतात. सहीसारखेच, ज्याचे त्याला. आजार सुरू झाला की ते विस्कटायला लागतात, तेही बहुधा एका बाजूने. लवकर सापडलं तर नव्या गोळ्यांनी माणूस कितीतरी वर्षं धडधाकट राहतो.

म्हणून पाच वर्षांपूर्वी 'कळनोंद' आली. सार्वजनिक वाहन चालवणाऱ्या प्रत्येकाने आठवड्याला दोन हजार कळा दाबायच्या. काय लिहिलं ते सरकार बघत नाही, कसं लिहिलं तेवढंच बघतं. परवान्यावर हिरवा ठिपका म्हणजे ठीक. पिवळा म्हणजे निरीक्षण, ठेका सावरेपर्यंत रोज दोन हजार कळा, फार तर दोन आठवडे. लाल म्हणजे खाली उतरा आणि डॉक्टर गाठा. नव्या यंत्रांना बोटाखाली दबणाऱ्या कळाच नसल्यामुळे मोजमाप धड होईना, तेव्हा आमच्या जुन्या कीबोर्डांना अचानक भाव आला. माझ्या साकवाला मान्यता मिळाली. आमच्या पडवीवरच्या सहा चालकांची कळनोंद त्यावरून जाते, त्यात रूपेश एक.

त्या मान्यतेत एक भोक होतं आणि ते मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. नवी यंत्रं चेहरा ओळखतात. जुन्या डब्याला डोळे नाहीत. रूपेशचं नाव घालून कुणीही बसलं तरी साकव त्याच्याच नावे नोंद करणार. अर्थात ठेका त्याच्यासारखा हवा. मी स्वतःला सांगितलं होतं, असा ठेका दुसऱ्या कुणाचा असणार?

बुधवारी रूपेश जेवायला आला. ताटावर बसला, मी सोलकढी वाढली.

"ताई, ठिपका पिवळा झाला गो."

"मला माहीत आहे."

"तुला कसं?"

"सोमवारी बघितलं मी. तुझी करंगळी मागे राहते. डॉक्टरकडे गेलास?"

"डॉक्टर कशाला? गेल्या पावसात दोरखंडात बोट चेमटलेलं, तेच असेल. होईल बरं." त्याने भात कालवला आणि तसाच ठेवला. "दोन आठवड्यांचा प्रश्न आहे. लाल झाला तर मालक दुसऱ्या दिवशी नवीन माणूस ठेवतो. मग मी काय करू? परत तिकिटं फाडू? चोपन्नाव्या वर्षी?"

"रूपेश, तुला काय म्हणायचंय?"

तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "तू माझ्या नावानं बस. दोनच आठवडे. आपला ठेका एकच आहे, तुला ठाऊक आहे. एकदा बसलेलीस ना डमी."

मला राग आला. त्याचा आला तसाच स्वतःचाही आला, कारण तो विचारणार हे मला सोमवारीच कळलं होतं आणि दोन दिवस मी नकार शोधत होते. तो मला सापडला नव्हता.

"आणि तुझ्या बोटीतली माणसं?"

"बोट काय करंगळीनं चालवतात? सोळा वर्षं मी चालवतोय. डोळे मिटून लावीन जेटीला."

"आप्पा असते तर..."

"आप्पांचं नाव काढू नको," तो एकदम चढ्या आवाजात म्हणाला. "त्यांनी आपल्याला एक कानफटीत मारली असती ना, तर मी सुटलो असतो. ते गप्प राहिले आणि मी जन्मभर त्या खाडीत अडकलो."

तो उठला. ताटात भात तसाच होता. दारात थांबून म्हणाला, "नको तर नको. मी रागावणार नाय." तो रागावला असता तर मी नाही म्हणाले असते. माझा भाऊ तेवढा हुशार आहे.

गुरुवारी दुपारी मी पडवीचं दार रूपेशच्या नावाने उघडलं. पासवर्ड मीच ठेवून दिला होता, asdf, आप्पांच्या पहिल्या धड्यातला. मी वेग उतरवला आणि त्याच्या ठेक्यात लिहायला लागले. काय लिहावं सुचेना, म्हणून फलकावर भरती-ओहोटीच्या वेळा लिहिल्या. कोल्हापूरच्या एका सभासदाने लगेच विचारलं, "तांडेल, आज बोटांत जीव आलाय तुमच्या! काय खाल्लंत?" मी लिहिलं, "सुरमई." दोन हजार कळांना अर्धा तास लागला. उठले तेव्हा पाठ घामाने भिजली होती.

शुक्रवार, शनिवार, रविवार, सोमवार, रोज बसले. ताट वाढून घ्यायचे आणि तशीच उठायचे. दूध उतू जायचं. खिडकीतून फेरीबोट दिसते. एरवी मी कधी बघत नसे, आता प्रत्येक फेरी मोजायला लागले. पोचली की श्वास सोडायचा. सुटली की पुन्हा धरायचा. मंगळवारी ठिपका हिरवा झाला. रूपेशने पेढे पाठवले. ते मी कुणालाही दिले नाहीत आणि स्वतःही खाल्ले नाहीत.

बुधवारी राहवेना, म्हणून सकाळच्या अकराच्या फेरीला जाऊन बसले. रूपेशला सांगितलं नाही. वर त्याच्या केबिनची काच दिसते तिथे, शाळेच्या मुलींच्या घोळक्यामागे उभी राहिले. बोटीला दोन इंजिनं, दोन दांडे. डावा डाव्या हाताने ओढायचा, उजवा उजव्या हाताने. जेटी जवळ आली की दोन्ही एकदम मागे घ्यायचे, म्हणजे बोट सरळ लागते.

जेटी जवळ आली. उजवा हात मागे गेला. डावा गेला नाही. मग गेला.

मध्ये किती वेळ गेला? फार तर अर्धा सेकंद. सोमवारच्या a इतकाच, जरा मोठा. बोटीचं तोंड वळलं, लोखंडी फळी जेटीच्या कोपऱ्याला घासत गेली, एक स्कूटर कलंडली आणि पुढे उभी असलेली एक लहान मुलगी साखळीवर पडली. साखळी होती म्हणून ती पाण्यात गेली नाही. गुडघा खरचटला, एवढंच. लोक हसले. कुणीतरी ओरडलं, "तांडेलांना आज झोप लागली वाटतं!" रूपेशने केबिनमधून हात हलवला. उजवा.

ती मुलगी रडत नव्हती. रक्त पुसून दप्तर उचलून मैत्रिणींमागे पळाली. मी मात्र जेटीवर बाकावर बसले ते ऊन डोक्यावर येईस्तोवर. गेला आठवडाभर त्या पोरीच्या आणि पाण्याच्या मध्ये एक गंजकी साखळी आणि माझा खोटा ठेका, एवढंच होतं. साखळीने तिचं काम केलं होतं.

घरी येऊन मी दहा ओळींचा एक प्रोग्राम लिहिला. साकव प्रत्येक कळेची वेळ साठवून ठेवतो. त्या वेळा जुन्या यंत्राच्या स्पीकरला दिल्या, की प्रत्येक कळेला एक टक. अक्षर दिसणार नाही, शब्द कळणार नाही, नुसता ठेका ऐकू येईल. मग रूपेशला निरोप धाडला. पडवीवरच्या दोघांना कळनोंदीला जोडायचं आहे, कोण तयार आहे ते ऐकून सांग, मला एकटीला ठरवता येत नाही.

गुरुवारी त्याची सुट्टी. तो आला, हिरव्या ठिपक्यामुळे खुशीत होता. "आता मी काय आप्पा झालो होय?" म्हणाला, आणि थट्टेने खरोखरच भिंतीकडे तोंड करून, हात पाठीमागे बांधून उभा राहिला. आप्पा उभे राहायचे तसाच. मला क्षणभर पुढचं काही करवेना.

मी पहिला ठेका लावला. टक, टक, टक. तो मान हलवत राहिला.

"हा पास. वेग बेताचा, पण बैठक बघ. जुन्या मास्तराकडे शिकलेला दिसतो."

मी दुसरा लावला. टक, टक... टक. टक... टक. पाच-सहा सेकंदांतच त्याची मान थांबली.

"ह्याला नको," तो म्हणाला.

"का?"

"डावी बाजू मागं राहतेय. करंगळी तर मेलीच. ऐक ना, प्रत्येक वेळी तिथंच अडतोय. ह्याच्यावर भरवसा नाय ठेवता येणार." मग त्याने विचारलं, "हा चालवतो काय?"

मी म्हटलं, "बोट."

स्पीकर वाजत राहिला. तो वळला नाही. पाठीमागे बांधलेल्या त्याच्या हातांकडे मी बघत होते. उजव्या हाताने डावा घट्ट धरला होता.

"आणि पहिला?" तो म्हणाला.

"तोही तूच. गेल्या वर्षीचा, ऑगस्टमधला."

मग मी काल काय पाहिलं ते सांगितलं. स्कूटर, साखळी, मुलगी. तो म्हणाला, "ती आमच्या शेजाऱ्यांची नात गो. रोज मला टाटा करते." एवढं बोलून तो खाली जमिनीवरच बसला आणि रडला. माझा भाऊ आप्पा गेले तेव्हा रडला नव्हता. मी शेजारी बसले. मला त्याच्यापेक्षा जास्त रडू आलं, कारण मी त्याची नोकरी वाचवत नव्हते, त्याला डॉक्टरपासून लपवत होते.

मग तोच उठला. तोंड धुऊन आला आणि माझ्या खुर्चीत बसला.

"माझ्या नावानं लाव."

"तुझ्या घरून करशील?"

"नाय. आत्ता. घरी गेलो तर करणार नाय मी." मग काहीतरी आठवून त्याने माझ्याकडे पाहिलं. "पण ताई, गेला आठवडाभर साफ ठेका आणि आज हा असा. विचारतील ना, मधे कोण बसलेलं? तुझा साकव बंद करतील."

"मीच कळवणार आहे. पत्र लिहून ठेवलंय. पडवीवरही लिहीन."

"बाकीचे पाच चालक?"

"त्यांना तालुक्याला जाऊन चेहरा दाखवून टाइप करावं लागेल. शिव्या घालतील मला. कच्च्या घालतील, पडवीवर." तो थोडा हसला. "आप्पांनी मान्यता परत केली ती आपल्या दोघांमुळे, रूपेश. मी माझी माझ्यामुळे करते आहे."

मी जोडणी करून दिली. त्याने बोटं कळांवर ठेवली, डोळे पडद्यावर, आप्पांनी शिकवलं होतं तसं. मी भिंतीकडे तोंड करून उभी राहिले. हातात काही नव्हतं, म्हणून खिडकीतली लाकडी फूटपट्टी घेतली.

"काय लिहू?"

"आधी नाव लिही. आडनावासकट."

त्याने रूपेश लिहिलं. मग मयेकर सुरू केलं. m आला. पुढे a होता. मी पट्टी उचलली आणि थांबवली. आप्पांची पट्टी कधी कुणासाठी थांबली नव्हती. पाठीमागे त्याचा श्वास ऐकू येत होता, करंगळी अजून पडली नव्हती. मी वळून पाहिलं नाही, घाई केली नाही, पट्टी तशीच हवेत धरून ठेवली.

मग कळ पडली, आणि तेव्हाच मी ठोका दिला.